स्पीकर काढल्यावरही वाजलेला बीप

भुतंखेतं, करणी, चकवा... यातलं मी काही मानत नव्हतो असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर आजही मानत नाही. कुपवाडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. लोक सीपीयूला लिंबू-मिरची बांधून आणतात, ती मी त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकतो. मशीन बिघडतं त्याला कारण असतं आणि शोधलं की सापडतं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण एका आवाजाचं कारण मला अजून सापडलेलं नाही. आणि त्या नादात जे सापडलं, त्यामुळे मला स्वतःचीच लाज वाटते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या खोलीत माझे वडील, अण्णा. उभं आयुष्य एमआयडीसीत लेथवर गेलं. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागलं, आवाज कायमचा गेला. आता गळ्याला भोक, त्यात नळी, श्वास तिथूनच. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक पद्धत होती. मशीनच्या गोंगाटात हाक ऐकू जायची नाही, म्हणून कुणाला बोलवायचं तर पाना लोखंडावर आपटायचा. अण्णांचा ठेका ठरलेला... दोन ठोके लागोपाठ, जरा थांबून तिसरा. आवाज गेल्यावर त्यांनी तेच सुरू केलं. उशाशी पाना, आणि लोखंडी कॉटवर टक-टक... टक.

सुरुवातीला मी धावत जायचो. मग कधी पंखा कमी कर, कधी पेपर दे, कधी तर काहीच नाही, नुसतं 'बस जरा' म्हणून हाताने खूण. एकदा दुकानात गिऱ्हाईक असताना ठोके थांबेनात. मी आत जाऊन ओरडलो, "अण्णा, जीव जात असंल तरच वाजवा!"

माझी बायको सुनीता तिथंच होती. ती म्हणाली, "आवं, बोलता येत न्हाई त्यास्नी. हाक मारायची कशी मग?"

मी तसाच गिऱ्हाइकाकडे परतलो. त्या दिवसापासून ठोके बंद झाले आणि मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं... लपवून काय उपयोग?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इस्लामपूरचा एक फोटो स्टुडिओवाला आपलं मशीन ठेवून गेला. "आवाज फाटल्यागत येतोय बघा. बाकी लय झकास चालतंय," म्हणाला. काम किरकोळ होतं. जुन्या साउंड कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, आणि मदरबोर्डचा स्वतःचा ड्रायव्हर, दोन्ही एकाच वेळी चालू. एकाला उडवलं की दुसरा नीट चालतो. दुपारची वेळ होती, सुनीता बाजारला गेली होती. मी मशीन चालू करून बसलो आणि कॅबिनेटमधून बीप आला. तीन.

आमच्या धंद्यात बऱ्याचदा तीन बीप म्हणजे रॅम. हात आपोआप खोडरबराकडे जातो. मशीन बंद केलं, रॅम काढली, तिची पट्टी खोडरबराने घासली, परत बसवली. चालू केलं... बीप. दुसरी रॅम लावली. बीप. मग वाटलं ड्रायव्हरच भांडतायत, म्हणून दोन्ही उडवले. साउंड कार्ड उपसून टेबलावर ठेवलं. तरी बीप! शेवटी वैतागून मदरबोर्डचा बटणाएवढा स्पीकर काढला आणि भिंतीतला प्लगही उपटला. यूपीएस वाजला असेल असं कोणीतरी म्हणणारच... तो दुकानात नव्हताच, बॅटरी बदलायला गेला होता. मोबाइल समोर गप्प पडला होता.

आणि त्या मेलेल्या मशीनमधून पुन्हा बीप आला. दोन लागोपाठ... जरा थांबून तिसरा.

तेव्हा कुठे मला तो ठेका ओळखू आला. पहिल्यापासून तोच होता, आणि मी रॅम घासत बसलो होतो.

आत धावलो. अण्णा कॉटवर वाकून बसले होते, दोन्ही हात गळ्याशी, ओठ काळेनिळे. नळीत कफ अडकला होता. ती नळी रोज सुनीता साफ करते. मला किळस वाटते म्हणून मी तेव्हा तोंड फिरवून बसतो. नळीच्या आत बसणारी सुटी नळी ओढून काढली, कफाचा गठ्ठा बाहेर आला आणि अण्णांचा श्वास शिट्टीसारखा वाजला. तेवढ्यात माझी नजर खिडकीकडे गेली. पाना तिथे होता, फडक्यात गुंडाळून, हात पोचणार नाही असा ठेवलेला. म्हणजे ठोके त्यांनी दिलेच नव्हते.

सांगलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." एवढंच म्हणाले. संध्याकाळी सुनीताने न राहवून सासऱ्यांना विचारलं, "मामा, पाना तुमी लांब का ठेवला हुता? न्हाईतर दुसरं काय तरी आपटायचं, हे भायेरच हुते की!"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हवेत स्क्रू पिळल्यासारखा हात फिरवला. म्हणजे, तो कामात होता. ना राग, ना तक्रार. मला तिथे बसवेना, मी उठून व्हरांड्यात गेलो आणि ढसाढसा रडलो.

ते मशीन स्टुडिओवाला घेऊन गेला. त्यानंतर एकदाही बीप आलेला नाही, असं तो सांगतो. मित्र म्हणतात, मशीनमध्ये करंट शिल्लक असेल, नाहीतर तुझ्या मनाचे खेळ. करंट शिल्लक राहतो, मला माहीत आहे, पण स्पीकर माझ्या हातात होता हो! वाजलं कशातून? मला सांगता येत नाही आणि मी आता शोधतही नाही.

अण्णा घरी आलेत. पाना मीच पुन्हा उशाशी ठेवला, पण ते त्याला हात लावत नाहीत. म्हणून हातातलं काम टाकून मी मधूनमधून आत जातो आणि विचारतो, "अण्णा, काय पायजे का?" ते हसून मानेनेच नाही म्हणतात. त्या दुपारी मी विचारलं असतं, तरी ते नाहीच म्हणाले असते.