अपोलीनचा संतांचा डाव

अपोलीन मिस्किटाने एकतीस वर्षं औषधांची खोकी बनवली. अंधेरीच्या एमआयडीसीत एक छापखाना होता, तिथे ती कटिंग खात्यात होती. छापलेला पुठ्ठा डायखाली जायचा, खटॅक करून कापला जायचा, आणि अपोलीन कडेच्या पट्ट्या झटकून वाकडी कापलेली खोकी बाजूला काढायची. पुठ्ठ्यावर नुसता अंगठा फिरवून तो पावसाळ्यात फुगेल की नाही हे ती सांगायची, आणि तिचं सहसा चुकायचं नाही. छापखाना वापीला गेला तेव्हा मालकाने निरोप म्हणून सगळ्यांना पेढे आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. अपोलीनने पेढे घेतले आणि घड्याळ तिथेच टेबलावर ठेवलं. "आता वेळ बघून मी काय करू?" म्हणाली, आणि चालू लागली.

बोरीवलीच्या गावठाणात तिचं जुनं कौलारू घर आहे, तीन बाजूंनी टॉवर उठलेले. तिच्या वेळी पोटुशी असताना आई नऊ महिने दाढदुखीने कळवळत होती. दातांची कैवारी संत अपोलोनिया, म्हणून मुलीचं नाव अपोलीन. तिने लग्न केलं नाही. आई गेल्यावर एकटीच राहते. आवाज खणखणीत, बोलणं तोंडावर. पाखाडीतले, म्हणजे तिच्या गल्लीतले, लोक तिला मानतात आणि थोडे टरकूनही असतात.

नोकरी सुटल्यावर तिने चर्चमधला मराठी धर्मशिक्षणाचा वर्ग मागून घेतला. कुणालाच तो नको होता. इंग्रजी वर्गाची दीडशे मुलं मोठ्या हॉलमध्ये बसायची, प्रोजेक्टर, पंखे, सगळं. मराठीची अकरा मुलं मागच्या खोलीत, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मध्ये. त्यांचे आईबाप संगमनेर, जालन्याकडून आलेले. कुणी सोसायटीचा वॉचमन, कुणी घरकाम करणारी. इंग्रजी शाळेत जाणारी गावठाणातली पोरं ह्या वर्गाकडे फिरकतसुद्धा नव्हती.

एका रविवारी बाकाखाली चाललेली खुसपूस ऐकून तिने हात घातला तर पत्ते हाती आले. कुस्तीगिरांचे. एकेकाची उंची, वजन, किती कुस्त्या मारल्या, सगळं छापलेलं. घरी जाऊन तिने ते खाटेवर पसरले. पुठ्ठा भिकार होता, कोपरे नीट गोल केले नव्हते. पण तिच्या अकरा पोरांना चाळीस पैलवान तोंडपाठ होते, आणि संत विचारले तर चारावर गाडी अडत होती.

"बरं," ती स्वतःशीच म्हणाली. "मग आपणही काढू."

पहिला खेळ तिने कुस्तीगिरांसारखाच बनवला. प्रत्येक संताला गुण दिले: धैर्य, चमत्कार, यातना. लोखंडी जाळीवर भाजला गेलेला लॉरेन्स, त्याला यातनांचे नव्वद. डोळे काढले गेलेली लुसी, तिला पंच्याऐंशी. पुढच्या रविवारी मुलं खेळायला बसली आणि दुसऱ्याच डावाला कल्पिता साळवे थांबली. अकरा वर्षांची, बारीक आवाजाची मुलगी.

"टीचर, डोळे काढल्यावर भाजण्यापेक्षा कमी दुखतं का?"

अपोलीनने मुलांच्या हातातले पत्ते गोळा केले आणि त्यांच्यासमोरच फाडले. "चुकलं माझं," म्हणाली. "संतांची झुंज लावत होते मी."

दुसरा खेळ जमायला चार महिने लागले. ह्या वेळी तिने निम्मे पत्ते संतांचे केले आणि निम्मे अडचणींचे. अडचणी इथल्याच: घशात बोंबलाचा काटा अडकला, घराची चावी हरवली, उद्या गणिताचा पेपर आहे नि काही येत नाही, घरमालकाने सामान बाहेर काढलं, दोन भाषांच्या माणसांमध्ये दुभाष्या व्हायची वेळ आली. समोर अडचण पडली की आपल्या हातातला योग्य संत टाकायचा. नुसता टाकून चालायचं नाही, तो इथे का उपयोगाचा ते सांगायचं. काट्याला ब्लेझ, कारण त्याने एका मुलाच्या घशातला काटा काढला होता. पेपरला कुपर्टिनोचा जोसेफ, जो स्वतःच अभ्यासात ढ होता. दुभाष्याला आपला वसईचा गोन्सालो गार्सिया, जपानात दुभाष्याचं काम करता करता क्रूसावर गेलेला. सांगणाऱ्याने थाप मारली असं वाटलं तर बाकीच्यांनी "खोटं!" म्हणून ओरडायचं.

चित्रं तिनेच काढली. संतांचे चेहरे तिने आजूबाजूच्या माणसांवरून घेतले होते, म्हणून मोलकरणींची कैवारी संत झिटा पाखाडीतल्या भाजीवालीसारखी दिसायची आणि ज्याला कुत्र्याने भाकरी आणून दिली त्या संत रोकच्या पायाशी गावठाणातलाच पिवळा कुत्रा बसलेला.

आणि गठ्ठ्याच्या शेवटी तिने सहा पत्ते कोरे ठेवले. वर फक्त "संत" एवढा शब्द आणि पुढे रिकामी रेघ. एक नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण असतो ना, ती मुलांना म्हणाली, तो ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांचासुद्धा असतो. तुम्हाला असं कुणी माहीत असेल तर लिहा. पण तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

कल्पिताने लिहिलं: रतन.

रतन साळव्यांच्याच चाळीत राहायची, बौद्ध होती आणि एका हॉस्पिटलात आया होती. करोनाच्या पहिल्या वर्षी कल्पिताची आजी त्याच हॉस्पिटलात होती. घरच्यांना आत सोडत नव्हते आणि फादरांनाही नाही. शेवटच्या दिवशी आजी सारखी उशीखाली हात घालत होती. तिथे तिचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. रतनने ते उघडलं, आणि अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख, तोंडावर दोन मास्क अशा अवस्थेत नमो मरियेची प्रार्थना वाचत राहिली. आजी जाईपर्यंत. ही गोष्ट कल्पिताने तीन वाक्यांत सांगितली. "खोटं" म्हणून कुणी ओरडलं नाही.

बातमी पॅरिश कौन्सिलपर्यंत, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळापर्यंत, जायला आठवडा लागला. उपाध्यक्ष ऑस्वल्ड परेरा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, आणि लहानपणी अपोलीनच्याच पाखाडीत गोट्या खेळलेला. सभेत त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. शेजारी फादर तुस्कानो बसले होते, वर्षभरापूर्वीच आलेले, तरुण, वसईचे.

"अपोलीन, काम झकास आहे," ऑस्वल्ड म्हणाला. "खोटं नाही बोलत. आम्ही हे छापू. हजार संच, चार रंगांत, मागे तुझं नाव. फक्त दोन गोष्टी. एक, इंग्लिशमध्ये कर. मराठीत कोण घेणार गं? आपली पोरं कन्फेशनसुद्धा इंग्लिशमध्ये देतात."

"माझी अकरा पोरं देत नाहीत."

"अकराच ना."

"गोन्सालोची आई इथलीच बाई होती, ऑस्वल्ड. तिने त्याला जेवायला इंग्लिशमध्ये हाक मारली नसेल. दुसरी गोष्ट बोल."

ऑस्वल्डने कोरे पत्ते वेगळे काढले. "हे नको. संत कुणाला म्हणायचं ते रोमला ठरतं, त्याला वर्षानुवर्षं जातात. इथे एक पोरगी उठते आणि हॉस्पिटलच्या आयाला संत करते? ती तर ख्रिस्तीसुद्धा नाही! उद्या कुणी काय लिहील, नेम आहे?"

"उद्या कुणी तुझं नाव लिहिणार नाही, एवढी खात्री देते."

दोघे-तिघे हसले. ऑस्वल्डचे कान लाल झाले. "तसं असेल तर हे पत्ते चर्चच्या आवारात खेळता येणार नाहीत. हॉलही नाही आणि मागची खोलीही नाही. तसंही पत्ते म्हटलं की लोकांना जुगारच आठवतो."

अपोलीनने फादरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "बाय," ते म्हणाले, "कोरे पत्ते काढले तर काय बिघडेल? बाकी सगळा खेळ तसाच राहील की."

"तेवढ्यासाठीच तर बाकीचा खेळ आहे, फादर. छापील संत काय, पुस्तकातसुद्धा सापडतात." तिने गठ्ठा उचलला. "काढणार नाही."

घरी आल्यावर मात्र तिला एक गोष्ट खुपायला लागली. एवढं भांडण ज्या बाईच्या नावावरून झालं, त्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. रविवारी ती कल्पिताला घेऊन चाळीत गेली. रतन नुकतीच ड्यूटीवरून आलेली, पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. अपोलीनने पत्ता तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

रतनने पत्ता डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"मला नको हे," ती म्हणाली.

कल्पिताचा चेहरा पडला.

"तसं नाही गं बाळा. तू लिहिलंस, मला बरं वाटलं. पण हा शब्द नको." तिने 'संत'वर बोट ठेवलं. "आमच्या माणसांनी देव, संत, बुवा खूप बघितले, बाई. मी कुणाची संत नाही. मला त्या दिवशी पळून जावंसं वाटत होतं. पुस्तक वाचत होते ते अडखळत, त्यातले अर्धे शब्द मला समजतसुद्धा नव्हते. ते लिहा. रतन, वॉर्ड आया, एवढं लिहा नि अडखळत वाचलं म्हणून लिहा."

अपोलीन छापखान्यात सुपरवायझरचंही ऐकायची नाही. रतनचं तिने एका वाक्यात ऐकलं. घरी येऊन तिने कोऱ्या पत्त्यांवरचा "संत" शब्द काढून टाकला. आता तिथे फक्त रेघ होती, आणि खाली बारीक अक्षरात: हे माणूस असं वागलं.

ही गोष्ट ऑस्वल्डच्या कानावर गेली, तसा तो रस्त्यात थांबून म्हणाला, "शहाणी आहेस. शेवटी ऐकलंस."

"तुझं नाही ऐकलं," अपोलीन म्हणाली. "तू पत्ता काढून टाक म्हणालास. पत्ता आहे. मी रतनचं ऐकलं, आणि तिचं म्हणणं तुझ्या सगळ्या सभेपेक्षा बरोबर होतं." आणि ती पुढे निघाली, मासळी न्यायची होती.

मग ती छपाईच्या मागे लागली. अंधेरीला नंदकुमार नावाचा तिचा जुना सहकारी लहानसं मशीन चालवत होता. औषधांच्या खोक्यांचा उरलेला पुठ्ठा त्याच्याकडे पडून होता. त्यावर दोघांनी मिळून साठ संच काढले, एका रंगात. कोपरे अपोलीनने स्वतः एकेक करून गोल केले, कारण टोकदार कोपरा मुलांच्या हातात महिनाभरात चुरगळतो. "पॅरिशची मंजुरी?" नंदकुमारने विचारलं, "धर्माच्या पुस्तकांवर असते ना तशी?" तिने त्या जागी लिहायला सांगितलं: अपोलीन मिस्किटाने बनवलेला खेळ. चुका असतील तर त्या माझ्या.

एक नोव्हेंबरला आठची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली. अपोलीन आपली अकरा मुलं घेऊन चर्चच्या फाटकाबाहेर पडली आणि पाखाडीच्या तोंडाशी असलेल्या क्रूसाच्या ओट्यावर जाऊन बसली. प्लेगच्या काळातला तो क्रूस ना कौन्सिलच्या मालकीचा, ना चर्चच्या, तो गावठाणाचा. मे महिन्यात तिथे सगळे मिळून रोजरी म्हणतात. तिथून कुणाला उठवायचं तर अख्ख्या पाखाडीशी भांडण.

मिस्सेहून येणारे लोक थबकले. इंग्रजी मिस्सेला निघालेले लोकही थबकले. तिथे सगळ्यांसमोर, सणाच्या कपड्यांत, मुलं ओरडून ओरडून सांगत होती की चावी हरवली तर कुणाला हाक मारायची आणि का. एक म्हातारी मध्येच म्हणाली, संत रोकच्या कुत्र्याचं तुम्ही चुकीचं सांगताय, आणि फतकल मारून खेळायलाच बसली. इंग्रजी वर्गातली दोन पोरंही आली. त्यांना वाचायला अडत होतं, मग कल्पिता त्यांना वाचून दाखवू लागली, थोडी ऐटीत.

ऑस्वल्ड रस्त्यापलीकडे उभा होता. त्याने फोन काढून फोटो घेतला. पुरावा म्हणून असेल. अपोलीनने हनुवटी वर करून त्याला नीट चेहरा दिला.

थोड्या वेळाने फादर तुस्कानो झग्यातच चालत आले. मुलांनी पत्ते खाली ठेवले. "हॉल देता येणार नाही," ते अपोलीनला म्हणाले, "कौन्सिलचा ठराव आहे. पण बसायला मला ठराव लागत नाही ना?"

"पायऱ्या सगळ्यांच्या आहेत, फादर. पण फादर म्हणून सूट मिळणार नाही."

ते बसले. त्यांना कोरा पत्ता आला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या वडिलांच्या वाडीत कामाला असलेल्या एका गड्याचं नाव लिहिलं. तीन वाक्यं सांगायला लागले, तर दुसऱ्या वाक्यालाच अडखळले. मुलांनी त्यांना पुरतं सांगू दिलं.

डिसेंबरात कौन्सिलचं पत्र आलं. सदर पत्त्यांचा पॅरिशशी काहीही संबंध नाही, पॅरिशचं नाव कुठेही वापरू नये. अपोलीनने त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं: नाव वापरलेलंच नाही, तपासून घ्या, संच हवा असल्यास क्रूसाकडे मिळेल. ते तिने स्वतः ऑफिसात नेऊन दिलं आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला.

साठ संच तोवर संपले होते. मनोरीच्या एका बाईने आणखी वीस मागितले होते, उत्तनहून एका मास्तरांनी दहा. वर्गात आता एकोणीस मुलं येतात, ऊन असलं तरी ओट्यावरच बसतात. शिक्का मारलेला कागद पिशवीत घालून अपोलीन तशीच स्टेशनला गेली आणि अंधेरीला उतरली. नंदकुमारकडे नवीन पुठ्ठा आला होता. तिने अंगठा फिरवून पाहिला. "पातळ आहे," म्हणाली. "दुसरा दाखव."