धानाची दाढ

आमची राइस मिल माझ्या डाव्या दाढांवर चालते, असं मी घरात सांगत आलो. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, म्हणायचे, मिल विजेवर चालते आणि तू खुर्चीवर बसतोस. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

तुमसरच्या बाहेर, रस्त्याला लागून आमची लहानशी मिल आहे. धानाचं पोतं आलं की त्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातून मूठभर धान काढायचं, एक दाणा नखानं सोलून दाढेखाली धरायचा. कट् वाजला की धान वाळलेलं. नुसता दबला की ओलं, आणि ओलं धान मिलमध्ये घातलं की तांदळाची कणी होते. हे मला वडिलांनी शिकवलं आणि पंचवीस वर्षं मी ते डाव्या बाजूनं केलं. मध्ये दादांनी ओलावा मोजायचं मीटर आणलं. मी ते खोक्यातून बाहेर काढू दिलं नाही. मीटरला चव कळत नाही, असं माझं म्हणणं. धानाची चव बघायची नसतेच, पण असं वाक्य एकदा चारचौघांत बोलून झालं की मागे घेता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती, हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान यायला लागलं होतं. आंबागडच्या पायथ्याचा एक म्हातारा शेतकरी दरवर्षी आपलं पहिलं धान आमच्याकडे आणतो. त्याच्या पोत्यातला दाणा मी दाढेखाली धरला, आणि डाव्या गालातून नाकाच्या बाजूनं वीज गेली. मिलच्या मोटरचा शॉक मी दोनदा खाल्ला आहे, म्हणून ही तुलना करायचा मला अधिकार आहे. तो शॉक बरा होता. त्यात माणूस निदान दूर तरी फेकला जातो.

मी दाणा थुंकला आणि जमिनीवर खडा शोधू लागलो.

म्हाताऱ्याला राग आला. "का धुंडून राहिले जी मालक? आमच्या धानात खडा नाई निंगत."

"खडा नाही तर काय लागलं मग?"

"तुमची दाढ सडली असन. धानाले काहून नाव ठेवता?"

खडा सापडला नाही. दहा सेकंदांत दुखणंही सापडेना. मी गालावर हात फिरवला, काही नाही. म्हटलं, बाबाजी म्हणतो तेच खरं. पंचवीस वर्षं धान चावून दाढ झिजली. या निदानाचा मला, खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटला. सैनिकाला गोळी लागते, मला दाणा लागला.

त्यानंतर ते येतच राहिलं. दात घासताना यायचं, चहाच्या पहिल्या घोटाला यायचं, मोटारसायकलवर वारा लागला की यायचं. कधी हसताना यायचं. येऊन काही सेकंदांत जायचं, आणि गेल्यावर मी इतका ठणठणीत असायचो की मलाच माझी शंका यायची. खरा त्रास मधल्या वेळेचा होता. आता येईल, आता येईल, या धाकानं मी बसू शकत नव्हतो. मिलच्या आवारात येरझारा घालायचो. भात गिळायच्या आधी ताटावरून उठायचो, पुन्हा बसायचो. बायको म्हणायची, "अजी, एका जागी टेका ना. तुमाले पाहून मलेच फिरल्यावानी होते." बाहेर जाताना मी तिची ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळायला लागलो. एकदा पेट्रोल पंपावरच्या मुलीनं मला "ताई, किती टाकू?" म्हणून विचारलं. मी बोटांनीच आकडा दाखवला. बोललं की दुखायचंच.

भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढला, आरशानं ठोकून पाहिलं, आणि म्हणाले, "दाढ चांगली आहे. थोडं थांबू."

"डॉक्टरसाहेब, ही धानाची दाढ आहे," मी म्हणालो. "तिचं मला कळतं."

काढून टाका म्हटलं, तर ते नाही म्हणाले. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि तिथे इतका हट्ट धरला की त्यांनी ती काढली. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी दात घासताना पुन्हा वीज. मग मी ठरवलं की दोष शेजारच्या दाढेत असणार; ही शांत होती म्हणून आपण तिच्यावर संशय घेतला नाही. महिनाभरानं तीही गेली. वीज होती तिथेच राहिली.

दादांना दया आली. त्यांनी मला एका गावी नेलं. तिथे एक बाई रिंगणी नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढायची. नळीतून तोंडात धूर घेतला, खाली पाण्याचं ताट. ताटात पांढरे किडे पडले. दादांना फार समाधान झालं. परतताना मी म्हटलं, "दादा, त्या दोन्ही दाढा तर आधीच काढल्या. किडा राहत कुठे होता?"

दादांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "भाड्यानं राहत असन बे."

मी हसलो, आणि वीज आली. आरडाओरडा केला नाही. त्यांना कळू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिलो, पण त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. सणाला सगळे जमले की पोरंसोरं माझ्याभोवती बसतात आणि मोहाची फुलं वेचायला गेलेल्या माझ्या आजोबांना अस्वल कसं भेटलं, हे मी दरवर्षी वाढवून सांगतो. त्या वर्षी होळीला पोरांनी धरलं. मी जीव मुठीत घेऊन सांगत होतो, ओठ न हलवता. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं तेवढ्यात वीज आली. माझा एक डोळा मिटला, तोंड वाकडं झालं, घशातून असा काही आवाज निघाला की दोन पोरं रडायला लागली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. "काका, पुन्हा करा ना! अस्वल पुन्हा करा!" इतकी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी उठून मागच्या अंगणात गेलो. आजोबांना अस्वलानं सोडलं की नाही, हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही.

त्यानंतर मी बोलणं जवळजवळ बंद केलं. मिलमध्ये खुणा करायचो. धान दाढेखाली धरायची हिंमत होत नव्हती, म्हणून खोक्यातून मीटर निघालं. दादांनी ते काढताना माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

डाव्या बाजूला वर आता एकच दाढ उरली होती. तीही काढायची, वेळ ठरली, सोमवारी सकाळी. ती गेली की पुढे दुखेल तेव्हा दोष द्यायलाही काही उरणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण दुखण्याची वाट पाहत नुसतं बसून राहण्यापेक्षा काहीतरी उपटणं सोपं होतं.

दाढी तीन आठवड्यांची वाढली होती. सोमवारी बायको म्हणाली, "डाक्टरसमोर असे जाता का? कोणी गेलं वाटते घरचं." म्हणून आधी सलूनमध्ये गेलो. आमचा सलूनवाला माझी दाढी वीस वर्षांपासून करतो. उजवा गाल झाला. डाव्या नाकपुडीपाशी ब्रश टेकला आणि मी खुर्चीतून उडालो.

त्यानं ब्रश खाली ठेवला. "काय झालं भाऊ?"

"दाढ," मी कसाबसा म्हणालो.

"दाढ? दाढ तर इथं राह्यते." त्यानं जबड्यावर बोट दाबलं. चांगलं जोरात. काही झालं नाही. "अन् मी ब्रश लावला तिथं." बोट नाकपुडीकडे यायला लागलं, तशी माझी मान आपोआप मागे गेली. बोट टेकायच्या आधीच.

तो आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. "दाढ दुखणारा माणूस गालाले हात धरून येते जी. तुमी तर गालाले हातच लावू देऊन नाई राहिले. माझ्या सासऱ्याचंबी असंच होतं. चिखल्याच्या खाणीत होते. चार दात काढले त्यायनं. मंग नागपूरच्या नसांच्या डाक्टरनं सांगतलं, हे दाताचं नोहे, नसीचं हाय."

"आणि आता?"

"आता भाकर खाते. दात नाई, पण खाते."

तसाच उठलो. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर तीन आठवड्यांचं रान. दाढ काढायला न जाता मी त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो, ज्यांनी नाही म्हटलं होतं. त्यांनी माझा अर्धा चेहरा पाहिला आणि आधी हसू आवरलं. मी सलूनवाल्याचं सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. "किती सेकंद टिकतं, कशानं सुरू होतं, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतं तरी मी बोलू दिलं नसतं." त्यांनी नागपूरच्या मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

नागपूरला बायको सोबत होती. गाडीत समोरच्या माणसानं खिडकी उघडली. बायकोनं ती बंद केली. त्यानं पुन्हा उघडली. वरठी स्टेशन येईपर्यंत चाललं होतं हे. शेवटी ती म्हणाली, "भाऊसाहेब, यायले हवा लागली तर हे तुमच्या अंगावर येतात." तो दुसऱ्या डब्यात गेला.

डॉक्टर बाई होत्या, वयानं लहान. त्यांनी कापसाचा बोळा नुसता दाखवला, मी मान मागे घेतली, आणि त्यांना जे हवं ते कळलं. दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्युराल्जिया. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस असते, तिचं हे काम. मग एमआरआय झाला. एक रक्तवाहिनी त्या नसेला टेकून बसली होती. बाई म्हणाल्या, आधी गोळी, हळूहळू वाढवायची, मनानं बंद करायची नाही, मधून रक्त तपासायचं. गोळी पुरेना झाली तर कानामागून ऑपरेशन करून ती वाहिनी बाजूला करता येते.

"आणि माझ्या दोन दाढा?" मी विचारलं.

"त्यांचा काही गुन्हा नव्हता," त्या म्हणाल्या.

ही गोळी आकडी येणाऱ्यांनाही देतात, हे औषधाच्या दुकानात कळलं आणि दादांना घरी कळलं. "तुले काय मिरगी हाय का बे?" मी त्यांना दिवसभर समजावलं. तिसऱ्या दिवशी वीज कमी झाली. आठव्या दिवशी मी गालावर स्वतःचा हात ठेवला आणि तो तिथे राहिला. पण चालताना तोल जायचा. दोनदा मिलच्या दारावर खांदा आपटला. सकाळी दहाला माणूस असा चालताना दिसला की गावाला कारण शोधावं लागत नाही. बायको म्हणाली, "पिऊन तरी यायचं होतं. बदनामी फुकटची झाली." शब्दही हरवायचे. गोष्ट सांगताना अस्वल हा शब्द आठवेना, म्हणून मी वाघ घातला. पोरांनी तिथेच पकडलं. तपासलं तर रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, कमी झालं होतं. बाईंनी मात्रा उतरवली, दुसरी गोळी जोडली, आणि एकेक करत मी सरळ चालायला लागलो.

दुखणं गेलं, असं मी म्हणत नाही. थंडीत एखादी ठिणगी उडते. ऑपरेशनचा कागद कपाटात आहे, मीटरच्या रिकाम्या खोक्यात. आणि सवय गेलेली नाही. अजूनही चहाचा कप उचलला की मी आधी एक क्षण थांबतो, दाराबाहेर कोण आहे ते ऐकल्यासारखा.

या वर्षी हलकं धान आलं तसा आंबागडचा म्हातारा आला. दादांनी मीटर काढलं. त्यानं हात आडवा धरला. "माझ्या धानाले मशीन नाई लावायची. मालकानं दात लावावा."

"बाबाजी, माझी वरची एकच दाढ राहिली या बाजूला."

"एका दाण्याले कितीक दाढा लागतात जी?"

दादा म्हणाले, "राहू दे. उजवीकडून चाव." पण उजवीकडून मला काही कळत नाही, आणि हे म्हाताऱ्याला मुळीच सांगायचं नव्हतं. मी दाणा सोलला. जिभेनं डावीकडे नेला. जी दाढ त्या सोमवारी सकाळी काढायची होती, तिच्याखाली धरला, आणि डोळे मिटून दाबला.

कट्.

मी थांबलो. गालापासून बोटभर दूर माझा हात तयार होता. दादा श्वास धरून उभे होते. म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी एक, दोन, तीन करत दहापर्यंत गेलो.

"का मनते धान?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मला सांगता येईना. दाणा कसा फुटला, भुगा झाला की दोन तुकडे, काहीच लक्षात नव्हतं. मी धान चावलंच नव्हतं, दुखणं चावून पाहिलं होतं.

"आणखी एक दे," मी म्हणालो.

"काहून? जेवून नाई आले का घरून?"

त्यानं तळातून मूठ काढली. दुसरा दाणा मी डोळे उघडे ठेवून धरला. स्वच्छ दोन तुकडे झाले.

"वाळलंय," मी म्हणालो. "उतरवा पोती." आणि मग गालाजवळ धरलेल्या हाताची आठवण झाली, तेव्हा तो खाली घेतला.