दाजींचा बिनपंख्याचा डबा

आमचे दाजी दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडाशी बोलतात, समोरून नुसतं "आँ" येतं आणि त्यालाच ते गप्पा समजतात. घरी मामला उलटा. माझी धाकटी बहीण शाळेत कवायत शिकवायची. शिट्टी सुटली, हुकूम सोडायची सवय सुटली नाही. त्यामुळे घरी "आँ" करायची वेळ दाजींची. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच, म्हणून मला कान लावावा लागत नाही. लावतो, ते वेगळं.

रोज संध्याकाळी दोघं गाणी ऐकायला बसतात. लग्नापासूनचा त्यांचा नियम: उठेल त्याचा डाव. एक सीडी संपली, की जो उठून दुसरी लावेल त्याची आवड. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण दिवसभर पेशंटच्या खुर्चीशी वाकून आलेला माणूस आणि जन्मभर पोरांना धावायला लावलेली बाई, यांत आधी कोण उठणार? शेवटचा सूर विरायच्या आत आमची बहीण कपाटापाशी. तिला आवडतो बँड. तुताऱ्या, ढोल, सगळा दणदणाट. दाजींनी हौसेने एक सीडी आणली होती, त्यात कुणी एक माणूस एकच तंतुवाद्य तासभर सावकाश वाजवतो. आणल्यापासून ती कपाटातच. रविवारी दवाखाना बंद असतो, पण बाई चालूच असते.

"एकदाच, दादा. सलग. शांतपणे," माझी दाढ कोरता कोरता दाजी म्हणायचे. मी काय बोलणार? "आँ."

मग कुठून तरी त्यांना म्युझिक सर्व्हरचा शोध लागला. "सगळ्या सीडी एका डब्यात उतरवून ठेवायच्या. मग बसल्या जागेवरून, फोनवरून, हवं ते लावायचं!" 'बसल्या जागेवरून' म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला, की मी ओळखलं, ही संगीताची आवड नाही, हा घरातल्या सत्तापालटाचा कट आहे.

दुकानात आम्ही तिघं गेलो. मला तमाशा चुकवायचा नव्हता. एका डब्यात पंखा होता, तो घरघरायचा. दाजी म्हणाले, "ही घरघर दिवसभर ऐकतोच की मी." दुसऱ्याला शेजारी कॉम्प्युटर लागायचा. तिसरा बिनपंख्याचा, मुका, सीडी पोटात घेऊन स्वतःच उतरवणारा. "दोन टीबीचा आहे," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, आमच्या काळी एका टीबीला माणूस घाबरायचा."

"आणि सीडी बदलायला उठायचं कधी?" बहिणीने विचारलं.

"उठायचंच नाही, काकू! बसल्या बसल्या फोनवर बोट फिरवायचं."

बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"अस्सं," ती म्हणाली. "घ्या मग."

दाजींचा रंगच उडाला. ओरडणारा पेशंट परवडतो, गप्प बसणाऱ्याची धास्ती, हे त्यांचंच म्हणणं.

सीडी उतरवून झाल्या. पहिल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तार छेडल्याचा नाजूक आवाज आला, आणि लगेच ढोल! पुन्हा तार. पुन्हा ढोल. दुकानदाराने काकूंच्या फोनवरही ते गाणी लावायचं ॲप घालून दिलं होतं. मी चपला न घालताच पळालो.

"दादा, हिला सांगा!"

"मला काय सांगायचंय? माझं बोट मोकळं आहे, फिरतं."

"अगं, तुझा बँड मी जन्मभर ऐकला!"

"मग उठायचं होतं! कुणी बांधून ठेवलं होतं?"

"पाय मोडून येतात गं संध्याकाळी," दाजी म्हणाले. पण इतक्या हळू, की तिचं बोट थांबलं. तिने फोन माझ्या हातात कोंबला. "धर, दादा. मी मागितला तरी देऊ नकोस."

दाजींनी पहिल्यापासून लावलं, खुर्चीत रेलले, डोळे मिटले आणि काही मिनिटांत घोरायला लागले. मी त्यांना हलवणार, तर बहिणीने माझा हात धरला. शेवटपर्यंत ती हलली नाही. एवढी गप्प मी तिला पाळण्यातसुद्धा पाहिली नव्हती.

संपल्यावर दाजी दचकून उठले. "कसं होतं?"

"मधे एक फार सुंदर जागा आहे. तिथे तुम्ही घोरत होतात."

भूल दिल्यासारखा त्यांचा जबडा लोंबला.

"तोंड काय पाडताय? परत लावा. पण खुर्चीत नाही. उठा!"

दाजी उठले. खिडकीच्या कठड्याला हात टेकून, कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत, अख्खी सीडी त्यांनी उभ्याने ऐकली. मधे एकदा बहिणीने बोट वर केलं आणि कुजबुजली, "हीच."

दाजींनी वळून न बघता मान हलवली. जेवण केव्हाच गार झालं होतं. त्याबद्दल बोलायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही.