मढ्याचा पार्ट

विद्यापीठाच्या नाट्यविभागात पहिल्याच वर्षी मला वार्षिक नाटकात मधली भूमिका मिळाली. मधली म्हणजे अगदी रंगमंचाच्या मधोमध. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत मी तिथं होते, सगळं नाटक माझ्याभोवती फिरत होतं आणि जो तो माझ्याबद्दलच बोलत होता. मी मेलेली होते.

हे घरी कसं सांगायचं, हा प्रश्न होता. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला आमची पिठाची चक्की आहे. सगळं आयुष्य चक्कीच्या आवाजात गेल्यामुळं बाबा ओरडूनच बोलतात, गुपित सांगायचं असलं तरी. मला वर्ध्याच्या गाडीत बसवताना ते खिडकीपाशी उभं राहून म्हणाले, "एक साल देतो तुले. नाटक झालं का येतो पाहाले. काम मनाले आलं तं राह्य, नाई तं गुमान घरी ये अन् बी.एड. कर." सगळ्या गाडीनं ऐकलं. कंडक्टरनं मान डोलावली. म्हणजे माझं नाट्यविभागात राहणं त्या एका संध्याकाळवर होतं. आणि त्या संध्याकाळी मी काय करणार होते, तर पडून राहणार होते.

मला राहायचं होतं. हे स्पष्ट सांगते, कारण तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. आमचा विभाग टेकडीवर होता आणि देशभरातली पोरं तिथं आलेली होती. सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि रात्री काय स्वप्न पडलं ते सांगायचं, असा नियम होता. मला स्वप्नं पडत नाहीत, म्हणून मी रोज चक्कीबद्दल काहीतरी सांगायची. जो उशिरा येईल त्यानं स्टेज झाडायचं. नाटकाचे कपडे आम्हीच शिवायचे, खिळेही आम्हीच ठोकायचे आणि एकमेकांच्या बोटांवरही आम्हीच ठोकायचे. माझ्या खोलीत आसामची एक मुलगी होती. तिनं माझ्या घरचा ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ती रडली आणि मग डबा स्वतःच्या कपाटात ठेवून दिला. त्याच दिवशी आमची मैत्री झाली. दुसऱ्या वर्षी ज्याला जे जमतं ते शिकायला बाहेरगावच्या शिबिराला पाठवत. आमचे सर दर दोन वाक्यांमागं म्हणत, "यहाँ अवसर ही अवसर हैं।" मला ते सगळे अवसर पाहिजे होते.

अडचण माझ्या जिभेची होती. शिकवणं सगळं हिंदीत. मी हिंदी बोलते तेव्हा ती हिंदीच असते, असा माझा समज होता. आमच्याकडं सगळ्यांचाच तसा समज असतो. पहिल्या वाचनाला मला एका शोकांतिकेतलं वाक्य दिलं, "मैं अब जीना नहीं चाहती." मी ते मनापासून म्हटलं. सगळे हसले. सर हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला. मी परत म्हटलं, तर ते म्हणाले, असं वाटतं की तुम्ही भाजीवालीला भाव कमी करायला सांगताय. दोन महिने त्यांनी माझा हेल काढायचा प्रयत्न केला. हेल काही गेला नाही, सरांचाच आवाज बसला. शेवटी भूमिका वाटल्या तेव्हा एकच उरली. सर म्हणाले, "मृत स्त्री. इसमें बड़ा अवसर है।"

एका घरात बाई मेलेली आहे, नातेवाईक तिच्याभोवती बसून फ्रीज कोणी न्यायचा यावरून भांडतात, असं ते नाटक होतं. सरांचं म्हणणं होतं की नाटकभर कोणीही रडायचं नाही. यही इसका अर्थ है। आम्ही अर्थ लिहून घेतला.

मरणं सोपं नसतं. पोट हलू द्यायचं नाही, श्वास बरगड्यांच्या मागच्या बाजूनं घ्यायचा. डोळे मिटले तरी बुबुळं फिरतात, ती धरून ठेवायची. डास बसला तर तो आपला नाही असं समजायचं. एका तालमीत मला झोप लागली आणि मी घोरले. सर म्हणाले, "लाश खर्राटे नहीं लेती।" त्यानंतर मी जिद्दीला पेटले. खोलीतली मैत्रीण माझ्या नाकापाशी कापसाचा धागा धरून बसायची आणि धागा हलला की मला चिमटा काढायची. शेवटी शेवटी धागा हलेना. आमची पोरं कौतुकानं पाहायला येऊ लागली. मला गर्व झाला. आमच्या विभागात माझ्याइतकं मेलेलं कोणी नव्हतं.

घरी मी फोनवर एवढंच सांगितलं की पार्ट मोठा आहे.

नाटकाच्या दिवशी बाबा, माय आणि आत्या आले. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला मावशीकडं जेवून, नवे कपडे घालून, वेळेच्या बऱ्याच आधी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडंच राहते. तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे. रोहण्यात कुठंही मयत झाली की आधी तिला बोलावणं येतं. ती रडायला बसली की बोल लावून रडते. गेलेला काय खायचा, कोणाला जीव लावायचा, मनातलं काय राहून गेलं, कोणी त्याच्याशी वाकडेपणा केला, सगळं हेल काढून सांगते. जित्या माणसांना तिची धास्ती वाटते, कारण माणूस मेलं की ती काहीच झाकून ठेवत नाही.

आणखी एक. आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला तर वाईट समजतात. मग मामाच्या घरी खोटा निरोप धाडायचा की पोरगी गेली. तिकडची माणसं रडली की अरिष्ट टळतं. मी शाळेत असताना अंगणात मिरच्या वाळवत होते, तेव्हा मला कावळा शिवला होता. आत्यानं लगेच मामीला फोन लावला. मामी रडली, डोळे पुसले आणि विचारलं, आज शाळेत नाही गेली का ती? ह्या गोष्टीचं मला नंतर कधी काही वाटलं नव्हतं. आत्याच्या डोक्यात मात्र ती पक्की बसलेली होती. आपलं माणूस खोटं मेलं तर आपण खरं रडायचं, एवढा साधा हिशोब.

आमची तिघं पहिल्याच रांगेत बसली. पडदा उघडला. मी डोळे मिटून पडलेली. थोड्या वेळानं बाबांचं कुजबुजणं ऐकू आलं, मागच्या रांगेपर्यंत गेलं असेल.

"कुठी हाय आपली?"

"थे पाहा पडली," माय म्हणाली.

"झोपली?"

"मेली हाय वाटते."

"सुरुवातीलेच?"

फ्रीजवरून भांडण सुरू झालं. बाबा म्हणाले, "उठन थोड्या वेळानं." मी उठले नाही. फ्रीज झाला, दागिने झाले, खोल्यांच्या वाटण्या झाल्या. बाबांच्या खुर्चीचा करकर आवाज येत होता. आवाज आला की मला वाटायचं, झालं, आता बी.एड.

नाटकात एक जागा अशी होती की सगळे एकदम गप्प होतात, माझ्याकडं पाहतात आणि कोणीच रडत नाही. सरांनी ती जागा फार मेहनतीनं बसवली होती. त्या शांततेत पहिल्यांदा नाक ओढल्याचा आवाज आला. मला तो आवाज ओळखीचा होता. तरी पोट हलू दिलं नाही.

"अवो माह्ये बाईऽऽ," आत्यानं सुरू केलं. "कशी एकली पडली वो माही मैनाऽऽ. इतके लोक बसले वो, कोनी टिपूस नाई काढला वो तुह्यासाठीऽऽ."

बाबा म्हणाले, "बाई, चूप राह्य. नाटक हाय थे." आत्या आजपर्यंत कोणाच्या सांगण्यानं मध्येच थांबलेली नाही. तिनं माझा ठेचा काढला, माझे पिठानं पांढरे झालेले केस काढले, आठवीत मला गणितात किती कमी मार्क पडायचे तेही काढलं. वर्ध्याच्या पाहुण्यांसमोर. मी मेलेली होते म्हणून बरं, नाही तर लाजेनं मेले असते. आणि मग ती बाबांवर आली.

"तुहा बाप बी.एड. बी.एड. करे वो बाईऽऽ. अन् चक्कीवर येईन त्याले सांगे वो, माही पोट्टी वर्ध्याले नाटक शिकते म्हनेऽऽ. तुहा फोटो लावला वो चक्कीतऽऽ. पीठ बसे त्याच्यावर, तं रोज आपल्या दुपट्ट्यानं पुसे वोऽऽ. तुह्यापुढं नाई बोलला वो कधीऽऽ."

आता मायही रडायला लागली. "चूप राह्य" म्हणणारा आवाज बंद झाला.

मला हे काहीच माहीत नव्हतं. फोटो माहीत नव्हता, दुपट्टा माहीत नव्हता. उठून बसावं आणि विचारावं, बाबा, खरं का, असं इतकं वाटलं की पायाचे अंगठे आखडले. पण मढ्याला विचारता येत नाही. डोळ्यांतलं पाणी पापण्यांतून निघालं आणि कानात गेलं. मी श्वास बरगड्यांच्या मागं धरला आणि पडून राहिले. तेवढ्यात शेजारी हुंदका आला. माझ्या थोरल्या मुलाचं काम करणारा बिहारचा मुलगा रडत होता. सून म्हणजे माझी आसामची मैत्रीण, तीही. तिला वऱ्हाडीतलं ठेच्यापलीकडं काही कळत नव्हतं. कोणीच रडायचं नाही असं ते नाटक होतं, आणि मी सोडून सगळे उघड रडत होते.

पडदा पडला. आमच्या विभागात प्रयोगानंतर कलाकारांनी स्टेजच्या कडेला बसायचं आणि प्रेक्षकांशी चर्चा करायची, अशी पद्धत होती. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. नागपूरहून आलेले एक पाहुणे उभे राहिले आणि म्हणाले, पहिल्या रांगेत ग्रामीण स्त्रियांचा समूह बसवण्याची कल्पना थोर आहे. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "जी, एक प्रयोग था।" आत्या पदरानं नाक पुसत आजूबाजूला पाहत होती, त्या ग्रामीण स्त्रिया कुठं बसल्यात म्हणून.

मग सरांनी विचारलं, "और कोई प्रश्न?"

बाबा उठले. दुपट्टा खांद्यावर नीट केला. माझ्याकडं पाहिलं नाही. चक्कीवर बोलतात त्याच आवाजात, सरांसाठी हिंदी करून, त्यांनी विचारलं, "सर, ये लडकी कायसे मरी?"

सर गडबडले. आम्ही सगळे एकमेकांकडं पाहू लागलो. मी कशानं मेले हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. सर म्हणाले, "नाटक में यह बताया नहीं गया है।"

बाबांनी घसा खाकरला. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. आता ते काय म्हणणार, यावर माझं सगळं ठरणार होतं.

"ठीक है," बाबा म्हणाले. "पन अगले साल जिंदा रखो इसको." आणि खाली बसले.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. माझ्या कानात फक्त अगले साल राहिलं. मी तिथंच, स्टेजच्या कडेला, सगळ्यांसमोर रडायला लागले. आवाज काढून, हेल काढून, अगदी आमच्याकडच्यासारखं. पाहुणे पाहत होते, सर पाहत होते, मला थांबताच येईना.

आत्या उठून स्टेजपाशी आली. तिनं माझ्या कानातलं पाणी आपल्या पदरानं टिपलं आणि म्हणाली, "आता काऊन रडून राह्यली वो? माहं झालं नं रडून."