भेडाघाटच्या चढावरचा मुकुट

भेडाघाटच्या रस्त्यावर एक चढ आहे. चारचाकीतून जाणाऱ्याला तो जाणवतही नाही. मला मात्र तो तोंडपाठ होता, कारण आमच्या सायकलच्या अ‍ॅपवर त्या चढाचा एक तुकडा पाडलेला आहे. सेगमेंट म्हणतात त्याला. त्या तुकड्यावरून कोण किती वेळात गेलं, हे अ‍ॅप आपोआप मोजतं आणि क्रम लावतं. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. बायकांत सगळ्यात वर मी होते, आणि माझ्या नावापुढे एक बारीकसा मुकुट होता.

बँकेतल्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून जबलपूरला आलो, तेव्हा इथे मला कुणी ओळखत नव्हतं. शाखेत मी 'नई मैडम' आणि विजय नगरच्या आमच्या इमारतीत 'तिसऱ्या मजल्यावाल्या'. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईने घट्ट चड्डी घालून पहाटे सायकल काढावी, हे आमच्या वॉचमनलाही रुचलेलं नव्हतं. तो मुकुट मिळाला आणि मला वाटलं, चला, या गावात आपलं काहीतरी झालं. नवरा चिडवायचा, "राणीसाहेब, राज्याभिषेक आटोपला असेल तर चहा टाका." मी चिडायचे. मला चिडायला फारसं निमित्त लागत नाही.

तो चढ घेताना मी माणसात नसायचे. वारा पाठीमागून असेल त्याच दिवशी निघायचे. पाण्याची बाटली अलीकडच्या टपरीवर ठेवून जायचे, तेवढंच वजन कमी. आडव्या आलेल्या ई-रिक्षावाल्यावर खेकसायचे. इतक्या वेळा भेडाघाटला गेले, पण धुवांधार धबधबा बघायला एकदाही थांबले नाही. संगमरवर कोरणाऱ्यांच्या छिन्न्यांचा आवाज यायला लागला की फोन काढायचा, वेळ बघायची आणि मागे फिरायचं, एवढंच माझं भेडाघाट.

एका सकाळी बँकेत निघता निघता फोन वाजला. तुमचा विक्रम मोडला गेला आहे, असा अ‍ॅपचा निरोप होता. कोण म्हणून पाहिलं तर नावाच्या जागी नुसती दोन इंग्रजी अक्षरं आणि फोटोच्या जागी सूर्यफूल. आधीच्या राईड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि वेळ माझ्यापेक्षा इतका कमी की मला आधी हसू आलं. मग नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ही बया स्कूटीवरून गेलीये," मी नवऱ्याला म्हटलं.

तसं कधीकधी होतं खरं. लोक दमतात, सायकल टेम्पोत टाकतात, अ‍ॅप बंद करायला विसरतात आणि टेम्पोचा वेग सायकलच्या नावावर चढतो. त्यासाठी अ‍ॅपमध्ये सोय आहे. दुसऱ्याच्या राईडवर झेंडा लावायचा आणि कारण निवडायचं. झेंडा कुणी लावला ते समोरच्याला कळत नाही. मी 'वाहनातून केलेली' हे कारण निवडलं, पर्स उचलली आणि बँकेत गेले. संध्याकाळी मुकुट परत माझ्याकडे होता.

तिच्या राईडचा आलेख मी पाहिला होता, हे इथे लिहायलाच हवं. स्कूटी चढावर दमत नाही. ही शेवटच्या वळणाजवळ मंदावली होती, बरोबर जिथे माझाही दम तुटतो तिथेच. ते मला दिसलं होतं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

त्यानंतरच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. हे मराठी कुटुंब जबलपूरचंच, आजोबांपासून इथल्या तोफांच्या फॅक्टरीतल्या नोकरीचं. मी तापाने पडले होते तेव्हा याच वहिनींनी मला रोज पेज आणून दिली होती. त्यांची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. "ताई, जरा खाली येता का?" त्या म्हणाल्या. "यांना तुम्हीच समजवा. तुम्हाला ते सायकलचं समजते."

खाली वडील फोन घेऊन बसले होते. मुलगी दाराला टेकून उभी होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

"पाहा ताई, हे काय लिहून राहिलं," वडिलांनी फोन माझ्यापुढे धरला. मुलीने अ‍ॅपवर खातं उघडताना वडिलांचा ईमेल दिला होता. त्या घरात सगळीकडे तोच चालायचा, म्हणून अ‍ॅपचा निरोप त्यांना आला होता. "भेडाघाटला सायकलने गेली म्हणते. और ये बोल रहा है, गाडी से गई थी. मी एवढंच विचारून राहिलो हिला, कोणाच्या गाडीवर गेली? दुसरं काही नाही."

कोपऱ्यात सूर्यफूल होतं. पुढचं वाचायची मला गरज नव्हती.

"बाबा, सायकलनेच गेली होती मी. किती वेळा सांगू?"

"मग मशीन खोटं काहून बोलेल?"

'वाहनातून' हे कारण निवडताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक इंजिन होतं. या घरात त्या गाडीला चालवणारा होता, पहाटेच्या अंधारात पोरीला मागे बसवून भेडाघाटला नेणारा. तो मी जन्माला घातला होता, बँकेत जायच्या घाईत.

"अ‍ॅपचंही चुकतं कधीकधी," मी म्हटलं. "कुणीतरी उगाच तक्रार केली असेल."

"कोणी?" वडील ताठ झाले. "म्हणजे कोणीतरी पाहिलं असेल हिला. पाहिल्याबिगर कोणी काहून सांगेल?"

मी सावरायला गेले होते आणि चिखलात आणखी खोल रुतले होते. खरं तर एक वाक्य पुरलं असतं. ते घशापर्यंत आलंही, पण वहिनी माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होत्या की मला त्यांच्या मनातून उतरवेना. मी ते वाक्य गिळलं आणि वर शहाजोगपणे म्हणाले, "मी ओळखते हिला. ही खोटं बोलणारी मुलगी नाही."

वडिलांनी फोन खाली ठेवला. "अच्छा. चलो, तुम्ही म्हणता तर मानलं. पण आता एकटी नाही जायचं. तुमच्यासोबत जाईल, तरच. आणि ते जे काही आहे ते काढून टाक आधी."

तिने आमच्या सगळ्यांच्या देखत ती राईड पुसून टाकली. वहिनींनी चहा दिला. "तुम्ही होत्या म्हणून, ताई," त्या म्हणाल्या. तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. माझी मलाच किळस आली, तरी प्यायले.

मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली. "थँक्यू काकू," ती म्हणाली. "तुमचाच रेकॉर्ड तोडायचा होता मला. तोडून मग तुम्हाला सांगणार होती."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी जातो, निघताना दोघींचं लाइव्ह लोकेशन तिच्या बाबांना पाठवून. ती माझ्या मागे असते. पहिल्या रविवारी चढ सुरू झाला, माझा श्वास लागला आणि मागून तिचा श्वास मला ऐकूच येईना. जी मुलगी हा चढ एका दमात मारू शकते, ती माझ्या मागे चालल्यासारखी पेडल मारत होती. मी ब्रेक लावले.

"तू जा ना पुढे. मी येते मागून."

"नको काकू. बाबा फोनवर पाहत राहतात. तुमचा ठिपका आणि माझा ठिपका. दूर दिसले की विचारतील, कोणासोबत होती."

मग माझ्याने राहवेना. "ती तक्रार मी केली होती," मी म्हटलं. "बाकी कुणी नाही. कुणी काही पाहिलेलं नाही. मी जळले तुझ्यावर."

ती रडेल, भांडेल, निदान पुढे निघून जाईल, असं मला वाटलं. तसं व्हावं अशी माझी इच्छाच होती. ती हँडलकडे बघत उभी राहिली. शेजारून विटांनी भरलेली एक ट्रॉली घरघरत गेली.

"आज घरी गेलो की मी तुझ्या बाबांना सगळं सांगते," मी म्हटलं.

तिने एकदम माझा हात धरला. "नका सांगू काकू. ते म्हणतील, वरच्या काकूच असं करतात तर बाहेरचे काय करतील. मग तुमच्यासोबतही नाही येऊ देणार. सायकलच बंद होईल माझी."

तिने माझा हात सोडला आणि हेल्मेटचा पट्टा नीट केला.

"तुम्ही त्यांच्यासमोर चांगल्याच राहा," ती म्हणाली. "चला. थांबलेलं दिसते बाबांना तिकडे."

मी सायकलवर बसले आणि चढायला लागले. ती माझ्या मागून येत राहिली, माझ्या वेगाने.