जमीनदाराकडच्या कुत्रीचं पिल्लू

त्या वर्षी बिबट्यानं आमच्या गोठ्यातून शेळी नेली. गोठा आणि आमची निजायची खोली यांच्यामध्ये मातीनं लिंपलेला नुसता कूड होता, आणि कुडाच्या अलीकडे माझी तान्ही मुलगी झोपलेली होती. शेळी ओरडलीसुद्धा नाही. सकाळी रक्ताची ओढत गेलेली रेघ तेवढी बांधापर्यंत दिसली. गावातली कुत्री त्यानं आधीच संपवत आणली होती, त्यामुळे भुंकायलाही कुणी उरलं नव्हतं.

माझं माहेर नागभीडचं, रेल्वेच्या रुळांजवळचं. कुरखेड्याच्या पलीकडच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा जंगल इतकं दाराशी असेल असं वाटलं नव्हतं. माझे मालक, म्हणजे नवरा, प्राथमिक शाळेत गुरुजी होते. घरात आणखी एकच माणूस, माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. धानाची शेती मामाजीच पाहत, आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच असे.

शेळी गेली त्याच दिवशी ते म्हणाले, "आता कुत्रा आनाचा. पन गावठी नाई. त्याच्याकडचा आनाचा."

'तो' म्हणजे कोण हे आम्हाला माहीत होतं. तरुणपणी मामाजी जमीनदाराच्या शिकारीत हाक्याला, जनावरं उठवायला, जात. एकदा जखमी रानडुकरानं त्यांना खाली पाडलं आणि मांडी फाडली. तेव्हा जमीनदाराची कुत्री सांभाळणाऱ्या माणसानं कुत्री सोडली, आणि कुत्री पोचायच्या आत तो स्वतः भाला घेऊन मध्ये पडला. मामाजींच्या मांडीवरचा तो लांब व्रण मी तेल लावताना पाहिला होता. पुढं जमीनदाऱ्या गेल्या, शिकारी थांबल्या, आणि तेवढी कुत्री पोसणं वाड्याला परवडेना. उरलेली कुत्री हा माणूस आरमोरीच्या वाटेवरच्या आपल्या घरी घेऊन आला आणि त्यांची पिल्लं विकून पोट भरू लागला. गोऱ्या साहेबांच्या कुत्र्यांचं रक्त आहे, वाघाला भीत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. लाकडाचे ठेकेदारसुद्धा त्याच्याकडून पिल्लू नेत.

दसरा झाल्यावर आम्ही रेंगी, आमची हलकी बैलगाडी, जुंपून गेलो. मुलगी अंगावर पिणारी, तिला कुणाजवळ ठेवणार म्हणून मीही बरोबर होते.

तो माणूस वाळलेला, उंच होता. मामाजींना पाहून धावत आला आणि दोघं गळ्यात गळा घालून उभे राहिले. मागं चार-पाच कुत्री खुंट्यांना बांधलेली होती. पिल्लू मात्र एकच, आणि तेही एकटं, पालथ्या टोपल्याखाली. तांबूस रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका. टोपलं उचललं तसं धडपडत बाहेर आलं आणि थेट मामाजींच्या पायावर जाऊन बसलं. मामाजी हसले. आमचा सौदा तिथंच झाल्यासारखा होता.

"याची माय कोनती?" मालकांनी विचारलं.

"हे काय, हे लाल." त्यानं कडेच्या कुत्रीकडे बोट केलं. "बाकी पिल्लं गेली. एवढंच राह्यलं. तुमच्याच नशिबाचं होतं म्हना."

त्यानं पिल्लू उचलून तिच्यापुढं ठेवलं. कुत्रीनं ओठ वर केला आणि ती घशातून गुरगुरली. पिल्लू मागं सरकलं. तिच्या पोटाकडे पिल्लानं पाहिलंही नाही. मी पाहिलं. तिचं पोट सपाट, वर चढलेलं होतं. दूध आटलं तरी पाजलेलं अंग वेगळं दिसतं. मी स्वतः लेकुरवाळी होते, मला ते कुणी शिकवायची गरज नव्हती.

पाणी प्यायला मी घरात गेले. त्याची बायको चुलीपाशी बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला आणि वर कसल्यातरी पाल्याचा लेप.

"काय झालं, बाई?" मी विचारलं.

"पेज सांडली," ती म्हणाली, आणि दाराकडे पाहिलं. तिचा नवरा दारात उभा होता.

मुलगी तिच्याकडे बघून हसली. ती बाई कितीतरी वेळ मुलीकडे बघत राहिली. पण लेकरू दिसलं की बायका जवळ घेतात तसं तिनं घेतलं नाही. चांगला हातसुद्धा तिनं पदराखाली ओढून घेतला.

परतताना पिल्लू मामाजींच्या घोंगडीत झोपलं होतं. मी मालकांना हळूच म्हटलं, "अवो, ते कुत्री याची माय नाई."

मालकांनी ते मामाजींना सांगितलं. मामाजी बैलांचे कासरे धरून होते, त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"ज्यानं माह्या जिवासाठी डुकरापुढं उडी घेतली, तो एका पिल्लासाठी माह्याशी खोटं बोलंल काय?"

  माझ्या मनात त्या बाईचा हात राहिला होता, पण पेज सांडून हात भाजतो हेही खरंच होतं.

पिल्लू गुणी निघालं. महिनाभरात अंगणात परकं माणूस आलं की पुढं होऊन उभं राहू लागलं. रात्री मामाजींच्या खाटेखाली निजायचं. मुलगी रांगत जाऊन त्याचे कान ओढायची आणि ते तिचं तोंड चाटायचं. माझ्याही मनातली शंका हळूहळू मागं पडली. आरमोरीच्या बाजाराला जाणारे येऊन सांगत, "तो तुमच्या पिल्लाची खबर विचारत होता. खाते-पिते काय, चांगलं हाय काय, म्हने." मामाजींना याचं फार कौतुक वाटे. "पाहा," ते मला म्हणत, "माया असल्याबिगर कोनी विचारते काय?"

मार्गशीर्षात धानाची मळणी सुरू झाली. त्या दिवसांत पिल्लू खाईना. आधी वाटलं, काहीतरी घाण खाल्ली असेल. मग त्याचा आवाज बदलला, भुंकता भुंकता मध्येच फाटल्यासारखा होऊ लागला. ते खाटेचा पाय कुरतडायचं, कोपऱ्यात जायचं, पुन्हा बाहेर यायचं. दुपारी मामाजींनी त्याच्यापुढं ताटलीत दूध ठेवलं आणि मानेवर हात फिरवला. त्यानं वळून त्यांच्या बोटांचा लचका घेतला. सोडेचना. मालकांनी काठी घालून त्याला सोडवलं आणि मग ती काठी खाली ठेवली नाही. मी मुलीला घेऊन आत गेले आणि तिचे कान दाबून धरले.

मालकांनी त्याच घटकेला सांगितलं, सगळ्यांनी नागपूरला जायचं, पोटात सुया घ्यायच्या. पिल्लाची लाळ मुलीच्या तोंडाला लागलेली होती, माझ्या हाताला, त्यांच्याही.

"तुमी जा," मामाजी म्हणाले. "मी नाई येत."

"बाबा, सगळ्यात जास्त तुमालेच चावलं."

"दात आले म्हून चावलं. लेकरू नाई चावत काय? खळ्यावर धान पडून हाय, ते कोन पाह्यल?"

मालकांनी खूप विनवलं. शेवटी चिडून म्हणाले, "ते पिसाळलं होतं, बाबा!"

"पिसाळाले त्याले चावलं कोन? अंगनाच्या बाहेर ते गेलं नाई. आन् ज्याच्या घरून आनलं तो माणूस मले पिसाळलेलं देनार नाई."

गावाबाहेर एक वैदू राही. मामाजींनी त्याच्याकडून जखम डागून घेतली, त्यानं दिलेला पाला गुळात घालून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी खळ्यावर गेले. आम्ही तिघं वडशाच्या स्टेशनावर गेलो, नागभीडला गाडी बदलली. माहेर तिथंच होतं, पण उतरून भेटायलाही गेले नाही. नागपुरात दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. रोज सकाळी रांगेत उभं राहायचं. माझ्या पोटात सुई जाई त्याचं मला काही वाटत नसे. मुलीच्या एवढ्याशा पोटाला मात्र मी बघू शकत नव्हते. पुढं पुढं ती पांढरे कपडे पाहूनच किंचाळायची, आणि मी तिला धरून ठेवते म्हणून माझ्याकडेही यायची नाही.

परत आलो तर मामाजी धडधाकट होते. धान भरून ठेवलेलं, बोटांवरची खपली पडलेली. हसून म्हणाले, "पोटं भोसकून आले फुकट."

मालकांना चैन पडेना. दोन दिवस थांबून ते एकटेच आरमोरीकडे गेले. आले ते पडलेलं तोंड घेऊन. अंगणात मामाजींसमोर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं:

त्या घरी आता एकही कुत्रं नव्हतं. खुंट्या रिकाम्या होत्या. बायको दिवाळीच्या आधीच मेली होती. पिल्लाची खरी आई दुसरीच होती, त्याची सगळ्यात लाडकी. रानात कोल्ह्यानं तिला फाडलं होतं. ती पिसाळली तेव्हा तिनं बाईचा हात धरला, आणि आपल्याच पिल्लांतली काही मारून टाकली. गावानं तिला काठ्यांनी मारलं. उरलेली पिल्लंही गाव मारणार होतं. हे एक त्यानं लपवलं. याच्या अंगावर ओरखडाही नव्हता, असं तो मालकांना पुन्हा पुन्हा सांगत होता.

"मी त्याले विचारलं," मालक म्हणाले, "आमाले काऊन नाई सांगितलं? तर म्हने, 'सांगितलं असतं तर तुमी नेलं नसतं, आन् इथी ठेवलं असतं तर गावानं मारलं असतं. तिच्या रक्तातलं तेवढंच राह्यलं होतं, गुरुजी.' मी म्हटलं, बायको मेली तवा तरी निरोप धाडाचा. तर म्हने, 'बाजाराले येनाऱ्यायले विचारत होतो. सगळे म्हनत, पिल्लू चांगलं हाय. मले वाटलं, वाचलं.'"

 मामाजींनी बोटं उघडून मिटून पाहिली. म्हणाले, "काल रातच्यापासून हात मुंग्या आल्यावानी करून राह्यला." मग उठून त्यांनी खुंटीवरचं स्वच्छ धोतर काढलं. "चाल. जाऊ नागपूरले."

पहाट फुटायची वाट पाहून आम्ही निघालो. थंडी होती. मामाजी रेंगीत पाठ टेकून बसले होते, अंगावर घोंगडी. वारा तोंडावर आला की त्यांचा गळा आवळल्यासारखा व्हायचा. आम्हाला वाटलं, थंडीनं होत असेल. नाल्यावर आलो. गुडघाभर पाणी होतं, नेहमीचंच. बैल पाण्यात शिरले, खळखळ झाली, आणि मामाजी असे मागं ओढले गेले की रेंगीची बाजू कडकडली. दोन्ही हातांनी त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे पाण्यावर होते. ज्या नाल्यात त्यांनी जन्मभर बैल धुतले त्याच्याकडे ते तसे बघत होते.

"मागं घे," ते म्हणाले. "मागं घे, लेका."

मालकांनी बैल वळवले. पुढं जाऊन काही होणार नव्हतं हे त्यांना समजलं होतं, मलाही. ते बैलांच्या तोंडाशी उभे राहून रडत होते, आणि बैल ओल्या पायांनी उभे होते.

घरी आल्यावर मामाजींनी स्वतःच सांगितलं, "मले गोठ्यात बांधा. लेकराच्या जवळ येऊ देऊ नका." मालकांच्यानं दोर हातात घेववेना. गावातल्या माणसांनी बांधलं. त्यांना तहान लागे आणि पाणी दाखवलं की अंग धनुष्यासारखं वाकडं होई. मध्ये मध्ये ते अगदी शुद्धीवर असत, आणि तेच ऐकवत नसे. अशाच एका वेळी मला म्हणाले, "बाई, मले सांगितलं असतं त्यानं, तर मी घेतलं नसतं काय ते पिल्लू? बांधून ठेवलं असतं, पाह्यलं असतं. मले काऊन नाई सांगितलं?" मी दारात उभी होते. जवळ जायची मनाई होती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरवीच्या दिवशी जेवणावळ चालली असताना तो माणूस आला. अंगणात शिरला नाही, बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून राहिला. मालकांनी त्याला पाहिलं आणि आत निघून गेले. गावातले दोघं-तिघं काठ्या घेऊन उठले, त्यांना म्हाताऱ्या माणसांनी खाली बसवलं. शेवटी मीच गेले. कशासाठी गेले हे मला धड माहीत नव्हतं.

तो उठून उभा राहिला. दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली.

"बाई, भाऊनं शेवटी माह्याविषयी काई म्हटलं काय?"

मी मामाजींचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. बांधून ठेवलं असतं, पाह्यलं असतं, हेही सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं.  मग मान खाली घालून बांधाच्या वाटेनं निघून गेला. लांबून आलेल्या माणसाला पाणी विचारायची रीत होती. मी विचारलं नाही.

त्यानंतर तो आरमोरीतही दिसला नाही, असं बाजारकरी सांगत. कुणी म्हणे सिरोंच्याकडे गेला, कुणी म्हणे त्यालाही तेच झालं. मालकांनी पुढच्या उन्हाळ्यात बदली मागून घेतली. त्याआधी बिबट्या दोनदा आमच्या बांधापर्यंत येऊन गेला. मी कुडाला आतून फळ्या ठोकून घेतल्या, दाराशी धुनी पेटती ठेवली आणि मुलीला कुशीत घेऊन जागी राहिले. गावकऱ्यांनी कुत्रा आणून देतो म्हटलं, तेव्हा मालक आणि मी एकदमच नाही म्हणालो.