माघी पौर्णिमेला खाडीवर

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला तो दिवाळीच्या तोंडावर. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. हात-पाय तसे लवकर सावरले, डाव्या पायात थोडी ओढ राहिली इतकंच. पण जीभ जड झाली आणि बोलणं तिरकं पडायला लागलं. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणची जीप भरणारा हा माणूस, ह्यांचा आवाज बाजाराच्या त्या टोकाला जायचा, आणि आता घरात कोणी आलं की गोधडी ओढून भिंतीकडे तोंड! माझ्याशीसुद्धा खुणा जास्त आणि शब्द कमी. मला पायाची काळजी नव्हती. असंच चाललं तर हे एक दिवस बोलायचंच सोडून देतील, ही धास्ती मला रात्रंदिवस होती.

डॉक्टर म्हणाले, "सपाट जागेवर, मोकळ्या हवेत चालवा. आणि चार माणसांत बोलू दे त्यांना." चार माणसं म्हटल्यावर ह्यांनी मान फिरवली. म्हटलं, बरं बाबा, माणसं नकोत तर नकोत. झाडं तर चालतील?

माझं माहेर टोकावड्याकडचं. आमच्या भागात वाट विचारली की कोणीही सांगतं, "इथंच तर हाय, सोपी हाय." मग किती सोपी ते तुमचे गुडघे सांगतात. म्हणून मी कोणाला विचारायच्या भानगडीत पडलेच नाही. आधी एकटी एसटीनं जाऊन तिकडच्या रानातली बैलगाडीची वाट चालून आले. चढ कुठे लागतो, टेकायला दगड कुठे आहे, सावली कुठवर पुरते, सगळं बघून ठेवलं, आणि मग एका रविवारी ह्यांना नेलं. सागाची पानं गळायला लागली होती, पायाखाली नुसती चुरचुर. आणि काय चालले हो! उंबराखाली थांबून वर बोट दाखवून म्हणाले, "हरियाल." खरंच, पिवळसर हिरवी कबुतरं उंबरं खात बसली होती. एवढा एक शब्द, पण मला केवढं बरं वाटलं.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली पाड्यावरची बाई समोरून आली. "दादा, बरं हाय का आता?" तिनं मायेनंच विचारलं. ह्यांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. परतीच्या एसटीत माझा तोल सुटला. "तोंडाला काय कुलूप लावलंय?" असं मी बोलून बसले, आणि मग रस्ताभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

खाडीची गोष्ट त्यांनीच काढली. जीपमधल्या माणसांकडून खाडीतल्या पक्ष्यांचं ऐकून "एकदा जाऊ" असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. आता हाताची मान करून लांब मानेचा पक्षी दाखवला. मी लगेच बेत आखला. एसटीनं कल्याण, पुढं रिक्षानं खाडीकाठचं गाव, आणि तिथून तिवरांच्या झाडीतून जाणारा बांध. सपाट, एकही चढ नाही. दिवस मात्र कॅलेंडरात नीट बघून ठरवला: माघी पौर्णिमा. चांगला दिवस, आणि रविवारही. त्याच कॅलेंडरात भरती-ओहोटी छापलेली असते म्हणे! मी त्यात एकादशी सोडून दुसरं काही कधी बघितलं असेल तर शपथ. डोंगरातल्या माणसाला पाणी वाढणार ते पावसानं. पाऊस नाही तर कसलं पाणी?

सकाळी पोहोचलो तेव्हा खाडी म्हणजे लांबवर चिखल. चिखलात बगळे आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे चोची मारत फिरत होते. हे हळूहळू चालत बांधाच्या टोकाच्या उंचवट्यावर गेले आणि खूश होऊन बसले. आणि मला आठवलं, भाकरीचा डबा गावातल्या देवळाच्या पायरीवर राहिला. "तुमी बसा, मी आत्ता येते," म्हणून मी मागं फिरले. देवळातल्या बायकांशी जरा बोलत बसले, हेही खरं.

परत येते तर काय! मधे जिथं बांध खचला होता तिथून पाणी पलीकडे चाललेलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पाणी वाढतंय. चिखल नाही, पक्षी नाहीत, आणि माणूस पलीकडे एकटा.  पण ओढे काय मी कमी ओलांडलेत? लुगडं खोचलं, डबा डोक्यावर घेतला आणि पाय घातला.

"थां...ब! थांब गो!"

हे उभे राहिले होते. दोन्ही हात वर करून ओरडत होते.

"येऊ नको! खोल हाय! भरती... भरती हाय! उतरंल पाणी!"

बांधावर जाळी घेऊन बसलेले गावकरी धावत आले. एकानं माझ्या दंडाला धरून मागं ओढलं. म्हणाला, "ताई, तिथं उघाडीचा, पाणी सोडायच्या दाराचा खड्डा हाय, पुरुषभर." मग ह्यांना हाक मारली, "दादा, घाबरू नका! कुठले तुमी?"

"मुरबाड!"

"काय?"

"मुर...बाड!"

"आणि पौर्णिमेच्या उधाणाला खाडीत आलात?"

"हिला विचारा!"

सगळे खो खो हसले. हेही हसले, वाकड्या तोंडानं.

ऊन कलल्यावर पाणी उतरलं. गावकरी मला धरून पलीकडे घेऊन गेले. ह्यांनी मला बसूसुद्धा दिलं नाही. "अक्कल हाय का तुला? वाहून गेली असतीस तर? पौर्णिमा बघते म्हणे!" शब्द अडत होते, तोंडातून लाळ गळत होती, तरी थांबत नव्हते. परक्या माणसांसमोर कोणी मला इतकं बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. पण त्या दिवशी डबा पोटाशी धरून उभी होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हूं का चूं करत नव्हते. न जाणो, हे बोलायचे मधेच थांबले तर?